दसरा ते संक्रांत: गच्चीवरच्या पालेभाज्यांची नोंद

घटस्थापनेच्या आसपास

पावसाने क्रेटमधली माती पार बसली होती. सगळी ताडपत्रीवर ओतून दोन-चार कडक उन्हं दाखवली, ढेकळं फोडली आणि साधारण तिसरा हिस्सा जुनं शेणखत मिसळून परत भरली. पालेभाजीला सहा-आठ इंच माती पुरते, पण पाणी तळातून सुटलंच पाहिजे. तळाला पालापाचोळ्याचा थर घातलाय.

आत्ता पेरले फक्त लाल माठ आणि मेथी. पुण्यातली ऑक्टोबरची दुपार धन्याला आणि पालकाला मानवत नाही. तापल्या मातीत धने नीट उगवत नाहीत, आणि जे उगवतात ते चार पानं दाखवून फुलावर जातात. दसऱ्याला सगळी पाकिटं एकदम फोडायचा मोह अनेकांना होतो. माझं मत विचाराल तर कोथिंबिरीला दिवाळीपर्यंत थांबा.

माठाचं बी खसखशीसारखं बारीक. कोरड्या वाळूत मिसळून फेकायचं, तळहाताने हलकं दाबायचं आणि वर चाळलेल्या गांडूळखताची नुसती भुरभुर. झारीने पाणी घातलं की सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून स्प्रे. वर ओलं गोणपाट झाकलं की माती सुकत नाही आणि मुंग्याही जरा लांब राहतात. रोज सकाळी कोपरा उचलून बघायचं. कोंब दिसला की गोणपाट त्याच क्षणी काढायचं, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

मेथी स्वयंपाकघरातलीच, रात्रभर भिजवून. तीन-चार दिवसांत मातीला भेगा पडून वर येते आणि कबुतरांना तेवढंच हवं असतं. जुनी मच्छरदाणी ताणून बांधली.

कोजागिरीनंतर

माठ दाट आलाय. विरळणी केली आणि उपटलेली रोपं मुळं कापून थेट लसणाच्या फोडणीत. मेथीचंही तेच. मुंबईत वाळूत वाढवलेल्या दोन पानी समुद्र मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, साधारण तसाच ऐवज विरळणीत फुकट हाती लागतो.

दिवाळी आटोपल्यावर

पहाटे अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं, म्हणजे धन्याची वेळ झाली. एका धन्यात दोन बिया असतात. फरशीवर पसरून त्यावरून पोळपाट हलक्या हाताने घासायचा. धना दोन फाकांत सुटला पाहिजे, चुरा व्हायला नको. मग रात्रभर भिजवून पेरणी, अर्धा इंच खोल. वाण्याकडचे धने जुने असू शकतात, म्हणून आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघावेत. उगवायला आठ-दहा दिवस, कधी बाराही. पाचव्या दिवशी बोटाने उकरून बघणाऱ्यांनी कृपया मेथी लावावी.

पालकाची खडबडीत दिसणारी बी नीट बघा. ती एक बी नसून दोन-तीन बियांची गाठ असते, बिटासारखीच, कारण आपला देशी पालक बिटाच्याच कुळातला. एका जागी दोन रोपं आली तर एक काढून टाकायचं. पाकिटावर परदेशी स्पिनॅचचं चित्र असेल तर ते वेगळंच झाड आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त थंडी लागते. मी देशी पालकाचा ‘ऑल ग्रीन’ वाण लावते.

सगळे क्रेट एका दिवशी पेरत नाही. दहा-बारा दिवसांच्या अंतराने एकेक. नाहीतर एका आठवड्यात पालकाचा पूर येतो, शेजारीही दार उघडेनासे होतात आणि पुढचा महिना परत बाजारातून गड्डी आणायची. शेपू एका कुंडीपुरताच. घरात खाणारे दोन आणि नाकं मुरडणारे बाकीचे.

मार्गशीर्ष

पालकाची बाहेरची पानं कापतेय, मधला गाभा शाबूत. प्रत्येक कापणीनंतर पातळ जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रवखत. मेथी मात्र मुळासकट उपटते. कापून ठेवली तर पुन्हा फुटते खरी, पण फूट मरतुकडी असते. तिच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी असतात, म्हणून उपटतानाच मुळं छाटून त्याच मातीत मिसळली आणि तिथे पालकाचा पुढचा हप्ता पेरला.

पालकावर आणि चुक्यावर नागअळी आलीय, पानात पांढऱ्या नागमोडी रेघा. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते, त्यामुळे वरून कडुनिंबाचं तेल मारून फारसं साधत नाही. रेघ दिसली की पान खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये टाकलं तर अळी तिथेच कोष करते. ढगाळ हवेत कोथिंबिरीवर मावा आला होता, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला.

चाकवत पेरलाच नव्हता, तो शेणखतातून आपोआप आलाय. ताकातली भाजी झाली.

संक्रांतीनंतर

ऊन चढतंय. कोथिंबिरीचा पहिला क्रेट फुलावर गेलाय, तो तसाच ठेवलाय. मधमाश्या येताहेत, आणि ओले धने आमटीत फार छान लागतात. उरलेल्या क्रेटवर पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट. पालकाच्या जागी आता पुन्हा माठ, जिन्याच्या कठड्याला मायाळूच्या काड्या खोचल्यात, आणि अंबाडीचं बी डबीत बंद करून ठेवलंय, मृगाच्या पावसासाठी.