प्लीहा आहे, पण नाही

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि ट्रेमध्ये सात स्लाइड उरल्या होत्या. तिसरी मायलोमाच्या, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरच्या, पेशंटची. वय ५८, लॅम्डा लाइट चेन (या कॅन्सरच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाचा प्रकार), फॉर्मवर एवढंच. मायलोमाचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, तसा ओळखीचा असतो. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, मागे निळसर झाक. ‘रुलो दिसतात’ असं लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची. त्या दिवशीही मी पेन उचललं होतं.

एका चळतीच्या टोकाला एक पेशी सुटी पडली होती. तिच्यात जांभळा ठिपका, गोल, कडा रेखीव. रंगाचा कण असेल म्हणून फोकस वरखाली केला, तर ठिपका पेशीच्याच पातळीवर. वर प्लेटलेट बसलेली असती तर भोवती फिकट वलय दिसलं असतं, तेही नव्हतं. पुढच्या फील्डमध्ये आणखी एक ठिपका, त्याच्या पुढच्यात दोन.

हॉवेल-जॉली बॉडी. तांबडी पेशी तयार होताना तिच्यात केंद्रकाचा तुकडा मागे राहतो आणि तो वेचून काढायचं काम प्लीहेचं. हे तुकडे रक्तात सहज दिसू लागले, की प्लीहा एक तर काढलेली असते, नाही तर झोपलेली.

वॉर्डला फोन लावला. निवासी डॉक्टर घाईत होता.

“स्प्लीन काढलीय का रे याची?”

“नाही मॅडम. उलट तीन बोटं लागतेय.”

मी ताठ बसले. वाढलेली, पण काम न करणारी. म्हणजे आत काहीतरी भरलंय. मायलोमात प्लीहा सहसा वाढत नाही, आणि सोबत लॅम्डा असेल तर पहिला संशय अमायलॉइडचाच, म्हणजे अवयवांत साचत जाणाऱ्या प्रथिनाचा. मायलोमाच्या साधारण १० ते १५ टक्के पेशंटमध्ये ते सापडतं. अशी प्लीहा कडक आणि ठिसूळ होते.

“आता काय चाललंय त्याचं?”

“जी-सीएसएफचा चौथा दिवस. उद्या स्टेम सेल गोळा करायच्या आहेत.”

ही इंजेक्शनं मूळपेशींना मज्जेतून रक्तात आणतात. त्या भरात निरोगी दात्याचीही प्लीहा सुजते, क्वचित फुटते. याची तर आधीच भरलेली.

“दुखतंय का कुठे?”

“हाडं दुखतात, ती या इंजेक्शनांनी सगळ्यांचीच दुखतात. सकाळपासून डावा खांदा म्हणतोय. पॅरासिटामॉल दिलंय.”

डावा खांदा! प्लीहेतून सांडलेलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला खालून डिवचतं. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं पोटात असून पेशंट खांदा दाखवतो. मी एवढंच म्हणाले, “आत्ता जाऊन पोट बघ. आणि सीटी.”

रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. आवाज बदलला होता. प्लीहेच्या कॅप्सूलखाली, म्हणजे वरच्या आवरणाखाली, रक्त साठलं होतं, कॅप्सूल अजून शाबूत होती. इंजेक्शन बंद केलं, पेशंट आयसीयूत, सर्जनला सांगून ठेवलं, रक्त मागवलं. चार दिवस सगळे त्याच्या बीपीकडे डोळे लावून बसले. ऑपरेशन टळलं. पण त्याची प्लीहा असून नसल्यासारखीच, त्यामुळे न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी ठरल्या आणि ताप आला तर घरी वाट न बघता थेट यायचं, हे घरच्यांना दोनदा बजावलं गेलं. प्लीहा काम करत नसेल तर असा संसर्ग काही तासांत माणूस नेतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मज्जेच्या बायोप्सीचा ब्लॉक काढला. काँगो रेडसाठी, म्हणजे अमायलॉइड दाखवणाऱ्या रंगासाठी, जाड काप लागतो, नेहमीच्या दुप्पट. टेक्निशियन कुरकुरला, पण कापून दिला. पोलराइझर फिरवला आणि एका रक्तवाहिनीची भिंत हिरव्या सफरचंदाच्या रंगाने उजळली. अमायलॉइडच. हीच भिंत साध्या रंगात मी पाहिली होती आणि ‘जाड’ म्हणून सोडून दिली होती.

मग जरा धीर करून त्याची पाच आठवड्यांपूर्वीची रक्ताची स्लाइड मागवली. रिपोर्टवर माझीच सही, ‘रुलो दिसतात’. खाली काहीच नाही. स्लाइड लावली. पाच मिनिटांत चार ठिपके सापडले.

जुन्या रिपोर्टला पुरवणी जोडली, हॉवेल-जॉली बॉडी दिसतात असं लिहिलं, त्या दिवशीची तारीख घातली आणि वॉर्डला फोन करून सांगितलं, की हे आधीही होतं, माझ्याकडून सुटलं.