चाईचा कोड: आमची वाटचाल

डोक्यावर रुपयाएवढी जागा उघडी पडली की आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, "चाई लागली." किड्यानं केस खाल्ले, असंही कुणी सांगतं. लातुरात औसा रोडवरच्या आमच्या ऑफिसात त्याच चाईला 'एल ६३' म्हणतात. अन् तेवढ्यावर भागत नाही. सगळं डोकं गेलं तर एल ६३.०, अंगावरचाही केस राहिला नाही तर एल ६३.१, कानामागून मानेवर सापासारखा पट्टा गेला तर एल ६३.२.

मी बी. फार्म. हैदराबादला एका मेडिकल कोडिंग कंपनीत सहा वर्षं काढली. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्याच दिवसांत मी गाठोडं बांधून परत आले. चुलतभावाच्या कापडदुकानावरची खोली, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर. मामा बघायला आले. "काय करायलीस इथं?" अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून विम्याच्या बिलासाठी आजाराला कोड द्यायचा, म्हटलं. "अन् तेचे पैसे देतेत?" देतात, पण उशिरा.

आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडची ही यादी, अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५पासून लागू झाली. त्याआधीच्या यादीत केसगळतीला ७०४.०० पासून ७०४.०९ पर्यंत मोजून चार कोड होते. आता एल ६३ ते एल ६६ अशी चार घरं, अन् प्रत्येक घरात खोल्या. या नव्या यादीत हात बसलेली माणसं तेव्हा कमी होती, म्हणून हैदराबादच्या जुन्या ओळखीतून त्वचारोगाचं उरलंसुरलं काम आमच्याकडं यायला लागलं. केस म्हणजे सोपं काम, असं मलाही वाटलं होतं.

पहिल्याच वर्षी तोंडावर पडलो. एका कागदावर होतं: 'चट्ट्यांत केसगळती, ॲलोपेशिया एरियाटा असावा, बायॉप्सी पाठवली.' ॲलोपेशिया एरियाटा म्हणजे आपली चाईच. आमच्या पोरीनं चाईचा एल ६३.९ टाकला, मी तपासून पुढं सोडला. असे बरेच कागद गेले. ओपीडीच्या नोंदीत 'असावा', 'शंका', 'बहुतेक' यांना कोड नसतो. जेवढं ठरलंय तेवढंच लिहायचं. तिथं एल ६५.९, म्हणजे व्रण नसलेली, प्रकार न ठरलेली केसगळती, हवा होता. चूक ऑडिटमध्ये सापडली, महिन्याचं बिल कापलं गेलं. पोरीचा दोष नव्हता. फार्मसी शिकलेल्या माणसाला आजार ओळखायची खोड असते, अन् ती खोड तिला मीच लावली होती.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. भीतीनं सगळ्यांना एल ६५.९! हेही खोटंच, कारण डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं असायचं अन् आम्ही ते वाया घालवायचो. शेवटी शंका आली की डॉक्टरांना विचारायचं ठरलं. पण 'हा एरियाटाच ना?' असं विचारता येत नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. 'केसगळतीचा प्रकार व कारण कृपया स्पष्ट करावे', एवढंच. हे वाक्य नव्या माणसाकडून मी आजही वीस वेळा लिहून घेते.

या आजाराच्या कागदांना खरी किंमत आली जून २०२२ नंतर. गंभीर ॲलोपेशिया एरियाटासाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिब आलं. औषधं महाग, विमा कंपनी आधी कागद मागते. डॉक्टरांनी नुसतं 'खूप केस गेलेत' लिहिलं तर कागद परत. 'साल्ट' मोजणी, म्हणजे डोक्यावरचे किती टक्के केस गेले याचा हिशोब, लागते: माथ्याला ४० टक्के, मागच्या बाजूला २४, दोन्ही बाजूंना १८-१८, कुठले किती गेले ते मांडून बेरीज. आम्ही फळ्यावर एक डोकं काढून ठेवलंय. पोरी त्याला कलिंगड म्हणतात.

कोरोनानंतरच्या गळतीचेही ढीग आले. तिथं आधी गळतीचा एल ६५.०, मग कोरोनानंतरच्या त्रासाचा यू ०९.९, हा क्रम चुकला की कागद अडतो.

क्रमाची नव्हे, पण त्याच तोडीची चूक आम्ही २०२४मध्ये केली. १ ऑक्टोबरपासून व्रण राहणाऱ्या गळतीतला एल ६६.१ फोडून पाच अक्षरी केला गेला: फ्रंटल फायब्रोसिंग ॲलोपेशियाला (कपाळापासून केस मागं सरकत जातात तो आजार) एल ६६.१२, वगैरे. आमचे तक्ते जुनेच. दोन आठवडे आम्ही तुटका कोड पाठवत राहिलो अन् तो दारातूनच परत येत राहिला. आता सप्टेंबरचा शेवटचा शनिवार नवी यादी मोठ्यानं वाचण्यासाठी राखून ठेवलाय. चहा-भजी कंपनीकडून.

एक काम स्वतःहून सोडलं. अनुवंशिक टक्कल, म्हणजे एल ६४, विमा बहुतेक सौंदर्याच्या खात्यात ढकलतो. एका ग्राहकानं सुचवलं की अशांपैकी काही एल ६३मध्ये 'बसवा'. आम्ही नाही म्हटलं. त्यांच्याकडून येणारं काम गेलं, अन् तीन महिने पगार माझ्या दागिन्यांवर निघाले. त्यात शौर्य काही नव्हतं. त्या कागदाखाली आमच्या कोडरचं नाव असतं, एवढंच.

जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केस गळायला लागले, तेव्हा ओळखीपाळखीचे फोन आले: "ह्याला तुमच्यात काय म्हणतेत?" कारण ठरेपर्यंत एल ६५.९, असं मी सांगायचे. ऐकणाऱ्याची निराशा व्हायची.

त्याच सुमारास जालन्याकडच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतःच्या ओपीडीसाठी नोंदीचा तक्ता करून मागितला. आमचं हे पहिलं मराठी काम. कधीपासून, चट्टा की विरळ, कातडीवर व्रण आहे का, भुवया-पापण्या, मागच्या तीन महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन, नवी औषधं. आम्ही वर 'ॲलोपेशिया एरियाटा' छापलं होतं. डॉक्टरांनी ते खोडलं अन् शाईनं 'चाई' लिहिलं. "पेशंट अन् सिस्टर दोघंही हेच म्हणतात. तुमचा कोड शेजारी छोट्या अक्षरात टाका."