अर्धा बेदाणा, अर्धं द्राक्ष

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कृष्णेत पोहून सांगलीच्या घाटावर अंग पुसत बसलो की कुणाची तरी नजर माझ्या डाव्या तर्जनीवर जातेच. नऊ बोटांचा बेदाणा झालेला असतो. दहावं मात्र मधोमध रेघ मारल्यासारखं: अर्धा बेदाणा, अर्धं द्राक्ष. "हे अर्धंच भिजलं का हो?"

भिजलं सगळंच. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर या अर्ध्या बोटानं काय उपास धरलाय? खरा प्रकार असा: घामाच्या छिद्रांतून पाणी आत शिरलं की चेतातंतू, म्हणजे शरीरातले निरोप नेणारे धागे, जागे होतात आणि बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आतला गर कमी होतो आणि वरची कातडी आत ओढली जाते. तंतू तुटला असेल तर आवळायचा हुकूमच पोचत नाही. १९७३ साली ओ'रियान नावाच्या सर्जननी हातातली चेता, म्हणजे या तंतूंची जुडी, शाबूत आहे का, हे बोटं पाण्यात बुडवून तपासायची युक्ती मांडली होती.

माझा तंतू चौदाव्या वर्षी तुटला. ऊस डाव्या हातात, कोयता उजव्या. अंगठ्याकडची बाजू खोल चिरली. टाके पडले, रक्त थांबलं, घरी पाठवलं. आत चेता कापली गेली आहे का, हे कुणी पाहिलंच नाही. बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक चेता जाते. माझी एकच गेली, म्हणून हिशेब अर्ध्यावर.

तेव्हा घरचे म्हणत, "नस कापली." आपली भाषा इथं गमतीची आहे. रक्त वाहतं तीही नस, आखडते तीही नस. मी आधी याला अडाणीपणा समजायचो. पण बोटात रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, आणि चेता खरोखरच एकमेकींना लागून चालतात, आणि पोटातल्या बाळात त्यांचं नातं जुळतं तेही ऐकण्यासारखं आहे.

रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या, म्हणजे अनुकंपी, चेतापेशी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना गाठींची माळ करून बसलेल्या असतात. तिथून बोटापर्यंतची वाट त्यांना कोण दाखवतं? रक्तवाहिनीच. तिच्या भिंतीतले स्नायू आर्टेमिनसारखी प्रथिनं सोडतात. तंतूचं टोक त्या मागावर रोहिणीला धरून वाढतं. मुक्कामी पोचल्यावर एनजीएफ, म्हणजे चेता वाढवणारा घटक, नावाचं दुसरं प्रथिन मिळतं. ते मोजकंच. ज्या पेशींच्या तंतूंना ते पुरेसं मिळत नाही, त्या मरतात. पंगतीला पानं कमी, पाहुणे जास्त. जे टिकतात ते भिंतीच्या स्नायूंत घुसत नाहीत, बाहेरच्या कडेवर जाळं विणतात. त्या तंतूंवर मण्यांसारखे फुगवटे असतात; त्यातून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन झिरपलं की स्नायू आवळतो.

एनजीएफ सापडलं रिटा लेवी-मोंताल्चिनी या इटालियन बाईंच्या कामातून. युद्धाच्या काळात ज्यू म्हणून विद्यापीठाचं दार बंद झालं, तर त्यांनी तुरिनला आपल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग मांडले. पुढं अमेरिकेत उंदराची कर्करोगाची गाठ कोंबडीच्या गर्भात बसवली, तेव्हा तंतू इतके चेकाळले की थेट शिरांच्या पोकळीत घुसले. ती गाठ हेच प्रथिन सोडत होती. १९८६ साली स्टॅनली कोहेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट मी घाटावर सांगतो तेव्हा लोक अंड्यांपाशी हसतात. मला ते शिरांत घुसलेले तंतू जास्त आवडतात.

मग माझा तंतू परत का नाही वाढला? वाढायला निघाला असणार. तुटलेली चेता दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढं सरकते. पण गर्भातला हात एवढासा असतो, तिथं अंतर ते किती! नंतर हात लांबतो आणि पोचलेला तंतूही सोबत लांबतो. मोठेपणी तुटला तर त्याला चेतेच्या आवरणाच्या जुन्याच नळीतून जावं लागतं, आणि माझ्या नळीची दोन टोकं कुणी जुळवलीच नव्हती. व्रणापाशी एक बारीक गाठ आहे, दाबली की करंट लागल्यासारखं होतं. वाट चुकलेले तंतू तिथंच गुंतून बसलेत.

आता ऑपरेशन का करत नाही, असंही विचारता. इतक्या वर्षांनी त्यातून फारसं हाती लागत नाही, आणि माझं अडतही नाही. कोयता अजून घरी आहे. ऊस मात्र मी दातानंच सोलतो.