जिने टाळा

आजी आल्या तेव्हा मी दुसऱ्या पेशंटचा गोठलेला खांदा सोडवत होते, पण नजर बाहेरच्या बाकावर होती. फिजिओथेरपीत निम्मी तपासणी नाव पुकारल्यावरच होते, हे लोकांना ठाऊक नसतं. माणूस बाकावरून उठतो कसा, ते बघायचं. पावलं मागे घेतो का, नाक पायाच्या बोटांपर्यंत पुढे आणतो का, हात मांडीवर रेटतो की शेजारच्याच्या खांद्यावर. आजींनी दोन झोके घेतले. तिसऱ्या झोक्याला मुलाने काखेत हात घालून त्यांना उचललं.

नऊ महिन्यांपूर्वी याच आजी भाजीच्या दोन पिशव्या सांभाळत एकट्या आल्या होत्या.

वय ७६. लालबागची चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, त्यात उभी हयात. मधली काही वर्षं भाड्याच्या घरात, तेही चाळीतच. दिवाळीच्या आधी नव्या टॉवरची किल्ली मिळाली, एकोणिसावा मजला. मुलगा सांगत होता, "मॅडम, आता आईला काहीच करावं लागत नाही." त्या वाक्यातला अभिमान खोटा नव्हता. आईने आयुष्यभर हंडे उचललेले त्याने पाहिलेत.

"करंट लावा ना, मागच्या वेळी बरं वाटलं होतं," आजी म्हणाल्या. दुखऱ्या जागी सौम्य वीज देणारं हे करंटचं मशीन आमच्याकडे देवासारखं झालंय. लोकांना व्यायाम नको, प्रसाद हवा. मी मशीनकडे न जाता आधी गुडघा हातात घेतला. गरम नाही, पाणी नाही, वाकतोय जवळपास मागच्या इतकाच. मग टेप काढली. वाटीच्या वर १० सेंटीमीटरवर मांडीचा घेर मोजायची मला सवय आहे. आमच्याकडची नवी मुलं हसतात, पण त्या दिवशी तीच सवय कामी आली. जुन्या केसपेपरवर ४१. आता साडेअडतीस. गुडघा बिघडला नव्हता, वाळली होती मांडी.

खुर्चीची चाचणी केली. १७ इंचांची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची, पेशंटने हात छातीवर घडी घालायचे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. या वयाच्या बाईला १० वेळाही जमलं नाही तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. आजींचे ३ झाले, चौथ्याला अर्ध्यात बसल्या आणि हसायला लागल्या. मला हसू आलं नाही.

मुलाने त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं होतं. "दहा हजार टार्गेट ठेवलंय, पण आईचे पंधराशेच होतात." हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव खपलं आणि जगभर नियम होऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून ज्येष्ठांना चालण्याशिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. पण खुर्चीतून उठल्यावर आजींचं घड्याळ काही टाळ्या वाजवत नाही.

मी आजींना चाळीतला एक दिवस सांगायला लावला. त्या खुलल्या. पहाटे नळ. सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा. भांडी मोरीत बसून. जेवण पाटावर, झोपणं चटईवर. मसाल्याच्या दिवसांत मिरच्या निवडायला दोन-दोन तास मांडी घालून. जिना तर मोजलाच नव्हता कधी. मी कागदावर रेघा मारत होते. जमिनीवरून उठणंच २५-३० वेळा निघालं. टॉवरमध्ये त्यातलं काय उरलं? कमोड, पलंग, भांड्यांना बाई, लिफ्ट. वर तो मऊ, खोल सोफा. त्यातून उठणं तर धडधाकट माणसालाही जड जातं, म्हणून आजी उठतच नाहीत.

मी मुलाला जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "अहो, निदान एक मजला तरी चढू द्यायचा ना त्यांना."

आजींनी पिशवी उघडली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी केलेला एक कागद होता. "गो बाय, तूच तर लिहून दिलंस."

अक्षर माझंच. 'जिने टाळा. मांडी घालू नका. खाली बसू नका.' खाली माझी सही.

तेव्हा गुडघा सुजला होता, त्यात पाणी होतं. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे भार कमी करणं बरोबरच होतं. पण तो पंधरवडा मी लिहिलाच नव्हता. साध्या तापाच्या गोळीपुढेही आपण 'पाच दिवस' लिहितो. 'करू नका' पुढे कोणी दिवस लिहित नाही. त्या वेळी पुन्हा यायला सांगितलं होतं. सूज उतरल्यावर त्या आल्या नाहीत, आणि एका पेशंटला पंधरा मिनिटं देणाऱ्या आमच्या ओपीडीत न आलेल्याला फोन करायला माणूस नाही. हे सगळं खरं आहे. तरी कागद माझा होता आणि आजींनी तो देवाच्या पोथीसारखा पाळला होता.

घर नवं झालं नसतं तर त्यांनी तो पाळला असता का? चाळीत पाळणं शक्यच नव्हतं. माझा चुकीचा कागद तिथे आपोआप रद्द झाला असता. हे डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी करंट लावलाच नाही. खुर्चीवर दोन घट्ट उश्या ठेवल्या, उंची वाढवली, आणि आजी हात न लावता पाच वेळा उठल्या. घरी मालिकेत जाहिराती लागल्या की पाच वेळा उठायचं. आठवड्याने एक उशी कमी. लिफ्टने अठरापर्यंत जायचं आणि शेवटचा एक मजला कठडा धरून, नातवाला मागे ठेवून चढायचा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी ओसरलं पाहिजे. मुलगा म्हणाला, जिन्याचं दार वॉचमन उघडू देत नाही, तिथे लोकांच्या सायकली आहेत. आगीत सुटायचा रस्ता, आणि तिथे सायकली! मी सोसायटीला चिठ्ठी लिहून दिली. तिचं काय होईल, ठाऊक आहे.

नवा कागद लिहिला, प्रत्येक ओळीपुढे दिवस घातले. जुना परत मागितला. आजींनी दिला नाही. "राहू दे, तुझ्या हातचा आहे," म्हणाल्या आणि दोन्ही एकत्र घडी करून प्लॅस्टिकमध्ये सरकवले.

नंतर टेबलाचा खण उघडला. मला रोज हाताने लिहायचा कंटाळा, म्हणून मधल्या काळात त्याच तीन ओळींचं पॅड मी छापून घेतलं होतं. चाळीसेक पानं उरली होती. पहिल्या पानावर 'जिने टाळा' पुढे पेनाने 'दिवस:' लिहून रेघ ओढली. सहाव्या पानापर्यंत आले, तोवर बाहेर पुढचं नाव पुकारलं.