आल्तान ओवोच्या पायथ्याशी

गेली अकरा वर्षे मी पुण्यातल्या एका पर्यटन कंपनीत सहल व्यवस्थापक म्हणून काम करते. वाट कोणतीही असो, गटाच्या सर्वांत शेवटी मी चालते, म्हणजे मागे कोणी राहत नाही. हा नियम मला एकदाच मोडावा लागला, तो मंगोलियात.

उलानबातरहून दोन दिवसांचा प्रवास करून आम्ही सुखबातार प्रांतातल्या दारीगंगा गावी पोहोचलो होतो. गावालगतच आल्तान ओवो ही विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी आहे. 1930च्या दशकातल्या धर्मविरोधी दडपशाहीत माथ्यावरचा जुना स्तूप पाडला गेला आणि 1990 मध्ये तिथे नवा बांधला गेला. या टेकडीवर स्त्रियांनी चढायचे नाही, असा रिवाज आहे. तो मी गटाला पुण्यातच सांगितला होता, पण पायथ्याशी प्रत्यक्ष थांबण्याची वेळ आली तेव्हा मन अस्वस्थ झाले. वर जाणाऱ्या आठ पुरुषांत बहात्तर वर्षांचे एक काका होते आणि वर्षभरापूर्वीच त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. औषधांची पिशवी मी स्थानिक वाटाड्याच्या हाती दिली आणि गट नजरेआड होईपर्यंत खालीच उभी राहिले.

आमची यजमानीण गावच्या खुरलची, म्हणजे निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या सभेची, सदस्य होती. आमच्या मुक्कामापासून घोड्यांपर्यंतची सगळी व्यवस्था तिच्या शब्दावर झाली होती. त्या पहाटे नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्याने तिने आकाशाकडे दूध शिंपडले, पुरुषांबरोबर वाळवलेल्या दह्याचे तुकडे आणि निळे रेशमी खदग, म्हणजे पूजेत वाहायची लांब वस्त्रे, दिले, आणि मग तीही आमच्याशेजारी गवतावर बसली. आमच्या गटात साताऱ्याकडच्या एक माजी सरपंच होत्या. त्यांनी दुभाषी मुलीकडून तिला विचारले, "तुम्ही निवडून आलेल्या, मग तुम्हीही खालीच का?" ती म्हणाली, "आम्ही बुसगुई."

या शब्दाचा अर्थ स्त्री, पण शब्दशः पाहिले तर 'पट्टा नसलेली'. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात, मर्किट या शत्रू टोळीच्या हल्ल्यातून वाचलेला तेमुजीन, म्हणजे पुढचा चंगीझ खान, कमरेचा पट्टा गळ्यात अडकवून बुर्खान खालदुन पर्वताला शरण जातो, सूर्याकडे तोंड करून नऊ वेळा नमतो आणि आपल्या वंशजांनीही हा पर्वत पुजावा असे सांगतो. त्याच हल्ल्यात त्याची पत्नी बोर्ते शत्रूच्या हाती सापडली होती. म्हणजे पट्टा, पर्वत आणि सत्ता यांची गाठ फार जुनी आहे. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने बुर्खान खालदुन, बोग्द खान आणि ओत्गोनतेंगेर या पर्वतांची शासकीय पूजा पुन्हा सुरू झाली आणि ती गाठ अधिकृत झाली. पुढे आल्तान ओवोही शासनपूजित पर्वतांत आला. मला हेच खटकते. घरची श्रद्धा वेगळी, पण जिथे पूजा राज्याच्या नावाने होते तिथे राज्यासाठी कोण उभे राहू शकते, हेही त्या रिवाजाने ठरते. याच देशात 1953-54 मध्ये सुखबातारीन यान्जमा ही स्त्री हंगामी राष्ट्रप्रमुख होती, मात्र तेव्हा अशा पूजांना राज्यात स्थानच नव्हते.

सरपंचबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, 2016 ला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या, तेव्हा मी गावात पेढे वाटले होते. पण तो देव आपला, ते भांडण आपलं. इथं मी पाहुणी आहे." मीही पाहुणीच होते. गटातल्या बायकांना थांबवले ते योग्यच केले असे मला वाटते, तरी ती सकाळ सुखाची गेली असे मी म्हणणार नाही.

तासाभराने पुरुष उतरले. मी मोजले, आठ. काका सर्वांत शेवटी आले आणि वाटाड्याने न उघडलेली पिशवी मला परत दिली. काकांनी फोनवरचे फोटो दाखवताच यजमानीण पुढे सरकली. माथ्यावरच्या निळ्या खदगांचा फोटो तिने दोन बोटांनी मोठा केला. गेल्या वर्षी भावाच्या हाती पाठवलेला आपला खदग ती त्यात शोधत होती.