जीएमसीच्या पाठीवर पिवळा दिवा: २१० किलोमीटर आणि वाटेत सुधारलेल्या चुका

तीन जुन्या लष्करी गाड्या, दोन दिवस, २१० किलोमीटर. पुढे विलिस जीप, मध्ये एम-३५ ट्रक आणि शेवटी माझा १९४३चा जीएमसी सीसीकेडब्ल्यू, हाही अमेरिकन लष्करी ट्रकच. प्रदर्शनाला गाड्या ट्रेलरवर लादून न नेता चालवतच न्यायच्या, हे पहिल्यापासून ठरलं होतं. वाटेत साधारण ७० किलोमीटर चौपदरी महामार्ग होता आणि काळजी होती ती त्याचीच. म्हणून तिन्ही गाड्यांवर पिवळा चमकता दिवा, म्हणजे बीकन, बसवला.

काळजी कसली ते आधी सांगतो. सपाटीवर माझा जीएमसी आरामात ५५ने चालतो, पण चढावर ३०वर येतो. मागून १००ने येणारी मोटार तेव्हा आपल्या दिशेने ताशी ७० किलोमीटरने सरकत असते, म्हणजे सेकंदाला १९ मीटरहून जास्त. दोनशे मीटरचं अंतर दहा सेकंदांत संपतं. त्यात या गाडीचा रंगच मुळी चमक नसलेला ऑलिव्ह हिरवा. झाडांच्या सावलीत ती दिसू नये म्हणून दिलेला. मागे रस्त्यावर वापरायचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा एकच, तोही फक्त डाव्या बाजूला. इंडिकेटर मूळ गाडीत नव्हतेच. बाकीचे बारीक फटींचे दिवे ब्लॅकआउटचे, म्हणजे युद्धात शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून मंद ठेवलेले. जवळून त्यांचे चार ठिपके दिसतात, थोडं लांबून दोन आणि आणखी लांबून एकच. मागच्या लष्करी ड्रायव्हरने त्यावरून अंतर राखायचं, अशी ती रचना. फार हुशारीची, पण मागून येणाऱ्या आजच्या ड्रायव्हरला तिचा काडीचा उपयोग नाही.

पहिली चूक निघाल्यावर तासाभरात कळली. माझा धाकटा भाऊ हत्यारं आणि सुटे भाग घेऊन साध्या मोटारीतून अर्ध्या तासाने निघाला होता. तो आम्हाला गाठत आला आणि वॉकी-टॉकीवर म्हणाला, "दादा, दिवा लावलायस ना? मला नुसती ताडपत्री दिसतेय." मी बीकन केबिनच्या वर बसवला होता. हौद्यावरच्या कमानी आणि ताडपत्री केबिनपेक्षा उंच, त्यामुळे दिवा समोरून झकास दिसत होता आणि जिथून धोका येणार त्या मागच्या बाजूने अजिबात नाही. घरी तपासताना ताडपत्री काढलेली होती, म्हणून हे लक्षातच आलं नाही. गाडी रस्त्यावर जशी जाणार तशी, ताडपत्री, सामान, सुटं चाक सगळं चढवून उभी करा. मग मागे दोनशे पावलं चालत जा आणि दुपारच्या उन्हात बघा. अंधारात कुठलाही दिवा चांगलाच दिसतो.

रस्त्यालगत मोकळी जागा बघून थांबलो आणि बीकन मागच्या कमानीवर हलवला. चुंबकाचा बीकन इथे चालत नाही, कारण कापडाला तो चिकटणार कुठे? माझ्याकडे दांड्यावर बसणारा, खालून पोकळ असलेला प्रकार होता. लोखंडी पाइप दोन क्लॅम्पनी कमानीच्या पायाला बांधला, मध्ये रबराचे तुकडे घातले आणि वरच्या टोकावर दिवा बसवला. मूळ पत्र्याला एकही भोक पाडलं नाही, आणि तुम्हीही पाडू नका. या गाड्यांवर बंपरचे बोल्ट, अँटेनाचे ब्रॅकेट, बंदुकीच्या रिंगचे आधार अशा तयार जागा भरपूर असतात. एका दिव्याने चारही बाजूंनी काम भागत नसेल, तर पुढे एक आणि मागे एक असे दोन लावा. इंडिकेटर नंतर बसवून घेतले असतील, तर बीकन त्यांच्या शेजारी नको. दोन्ही पिवळे, त्यामुळे वळायचा इशारा त्या चमकण्यात हरवतो.

आता वीज. इथेच सर्वात जास्त घोळ होतो. विलिस आणि जीएमसी दोन्ही ६ व्होल्टच्या, एम-३५ मात्र २४ची. बाजारातल्या बहुतेक एलईडी बीकनवर १० ते ३० व्होल्ट लिहिलेलं असतं. एम-३५ला तो सरळ लागला. जुना हॅलोजनचा फिरता बीकन असेल तर २४ व्होल्टचा बल्ब बघून घ्या. पण ६ व्होल्टवर तो एलईडी पेटतच नाही. म्हणून मी ६चे १२ करणारा कन्व्हर्टर घातला होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी एका लांब रांगेत अडकलो. इंजिन आयडलवर, हेडलाइट चालू, डायनॅमो काही चार्ज करत नव्हता. बॅटरी साडेपाच व्होल्टच्या खाली आली आणि कन्व्हर्टर गपकन बंद पडला. मला ते कळलंही नाही, कारण स्वतःच्या पाठीवरचा दिवा ड्रायव्हरला दिसत नाही. तेव्हाही भावानेच सांगितलं.

रात्री कन्व्हर्टर काढून टाकला. सीटमागच्या पेटीत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी सीलबंद बॅटरी ठेवली, तिच्यापाशीच ५ अँपिअरचा फ्यूज लावला आणि गाडीच्या वायरिंगशी तिचा काहीही संबंध ठेवला नाही. माझा बीकन साधारण एक अँपिअर घेतो, म्हणजे चार-पाच तास निर्धास्त. मुक्कामी चार्ज करायची. स्विचशेजारी बीकन चालू असल्याचं दाखवणारा एक छोटा दिवाही जोडला, बीकनकडे जाणाऱ्या वायरवरच. स्विच आणि फ्यूज ठीक आहेत एवढंच तो सांगतो, बीकन स्वतः जळला तर नाही. त्यामुळे थांबाल तिथे उतरून बघायचंच. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. एलईडी बीकन उलटा जोडला तर पेटत नाही किंवा कायमचा जातो. वेगळी बॅटरी ठेवली की हाही प्रश्न राहत नाही.

२४ व्होल्टच्या गाडीवाल्यांना एक विनंती. घरात १२ व्होल्टचा बीकन पडलाय म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तो चालवू नका. एक बॅटरी उतरत राहते, दुसरीला जास्त चार्ज मिळतो आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. मूळ हार्नेसही, म्हणजे गाडीच्या वायरींची जुडीही, कापू नका. अमेरिकन एम-मालिकेत रबरी पॅकार्ड कनेक्टर असतात, त्यातच जोडणी करता येते आणि नंतर खूण न ठेवता काढता येते.

दिवा विकत घेताना त्यावर वर्तुळातला 'ई' आणि आर ६५ची, म्हणजे अशा चमकत्या दिव्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाची, खूण बघा. 'टीए१' म्हणजे चहूबाजूंनी दिसणारा, पिवळा, एकाच तीव्रतेचा. 'टीए२'ला दिवस आणि रात्र अशा दोन पातळ्या असतात, आणि मागून येणाऱ्याचे डोळे रात्री दिपू नयेत म्हणून मला तोच आवडतो. निळ्या आणि लाल दिव्यांच्या वाटेला जाऊ नका, ते आपत्कालीन गाड्यांचे. पिवळ्याचे नियमही प्रत्येक देशात वेगळे. ब्रिटनमध्ये १९८९च्या नियमांनुसार ताशी २५ मैलांपेक्षा जास्त वेग नसलेल्या चारचाकीला वेगवान दुभाजकी रस्त्यावर पिवळा बीकन सक्तीचा आहे, पण १ जानेवारी १९४७पूर्वी वापरात आलेल्या गाडीला त्यातून सूट आहे. दिव्याचा मध्य जमिनीपासून किमान १,२०० मिलिमीटर उंच हवा आणि मिनिटाला ६० ते २४० वेळा चमक हवी, असंही तिथे सांगितलं आहे. सूट असली तरी मी दिवा लावीनच. मागच्याला आपल्या गाडीचं साल दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिवे लावण्याची पद्धत बदलली. पहिल्या दिवशी तिन्ही बीकन सतत चालू होते आणि एम-३५चा ड्रायव्हर पुढच्या जीपच्या चमकण्याने वैतागला होता. आता महामार्गावर फक्त शेवटच्या गाडीचा चालू. चढ, महामार्गावर शिरणं आणि बंद पडणं एवढ्याच वेळी बाकीच्यांनी लावायचा. वस्तीतल्या संथ रहदारीत सगळ्यांचे बंद. दोन गाड्यांमध्ये एक मोटार सहज शिरेल इतकी जागा ठेवली, नाहीतर ओव्हरटेक करणाऱ्याला तिन्ही गाड्या एका दमात पार कराव्या लागतात.

मोठा चढ आला तेव्हा भावाला मुद्दाम मागे ठेवलं. तो म्हणाला, खालच्या वळणावरून ट्रक दिसायच्या आधी ठिणगीसारखा पिवळा ठिपका दिसला, आणि त्याच्या पुढच्या दोन मोटारींनी तिथेच लेन बदलली.

जीएमसीच्या हादऱ्यांनी क्लॅम्पचे नट ढिले होतात. नायलॉनचे लॉक-नट वापरा आणि दर ५० किलोमीटरला हाताने दांडा हलवून बघा. माझा दोनदा आवळावा लागला. वायर दांड्यावरून खाली आणताना तळाशी एक झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून जातं, जोडापर्यंत पोचत नाही. प्रदर्शनाच्या मैदानात दांडा, दिवा, बॅटरी सगळं पाच मिनिटांत उतरवलं आणि परतीसाठी एका खोक्यात ठेवलं, क्लॅम्पचे नट बोल्टवरच फिरवून.