पान ११२

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे छापखान्याच्या टेम्पोने पुस्तकाचे गठ्ठे फाटकाशी उतरवून दिल्यावर, प्रत्येकी २० प्रतींचे ते २५ गठ्ठे मी आणि मुलाने खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवले. ऐन उमेदीत दोर, मेखा, हातोडे आणि पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन सुळक्यांच्या पायथ्याला जाणारा मी त्या दिवशी अकराव्या गठ्ठ्याला जिन्यात बसलो. शेजारच्या काकूंनी "एवढं कसलं सामान?" असे विचारले, तेव्हा "माझं आत्मचरित्र" हे उत्तर देताना मला पहिल्यांदा संकोच वाटला.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो आणि १९८० च्या दशकात शनिवारची पाळी संपली की प्रस्तरारोहणाला जात असे. जवळ म्हणजे मुंब्र्याच्या डोंगरावर, आणि जोडून सुट्टी मिळाली तर तैलबैल्याच्या भिंतींवर किंवा जीवधन किल्ल्याशेजारच्या वानरलिंगी सुळक्यावर. त्या सगळ्याचे पुस्तक लिहिले, तेव्हा दोन प्रकाशकांनी नकार दिला आणि तिसऱ्याने निम्मा खर्च मागितला. खर्च करायचाच तर पूर्ण करू, असे म्हणून मी स्वतःच प्रकाशक झालो. ही प्रक्रिया वाटते तितकी अवघड नाही. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून लेखक-प्रकाशकालाही पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक विनाशुल्क मिळतो, आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवली की सरकारचे देणे फिटते. वाचकांना तोंड देणे मात्र माझ्या हिशेबात कुठेच धरलेले नव्हते.

पहिल्या प्रतिक्रिया नातेवाइकांच्या आल्या. मेहुणीने दोन दिवसांत पुस्तक संपवल्याचे सांगितले, पण तिच्या बोलण्यावरून लक्षात आले की चढाईची सगळी प्रकरणे तिने उलटून टाकली होती आणि आमची चाळ, आई, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या चढाईच्या दोरावर आईने धुणे टाकल्यावर घरात झालेले रामायण, एवढेच वाचले होते. मराठी ग्रंथसंग्रहालयाला मी दोन प्रती भेट दिल्या होत्या. १८९३ पासून ठाण्यात पुस्तके सांभाळणाऱ्या त्या संस्थेत दर पंधरवड्याला जाऊन, आपल्या प्रती कपाटात आहेत की कुणी घरी नेल्या आहेत, हे मी पाहून येत असे. हा उद्योग मी घरी सांगितला नव्हता.

डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने ४१ चुकांची यादी टपालाने पाठवली. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना बिघडलेली जोडाक्षरे मी तीनदा तपासली होती, तरीही 'कड्यावर'चे 'कडयावर' सहा ठिकाणी राहून गेले होते. यादीच्या शेवटी बाईंनी लिहिले होते, "पुस्तक आवडले. पान ११२ पुन्हा वाचावे." मी ते पान ऱ्हस्व-दीर्घासाठी दोनदा वाचले आणि चूक सापडली नाही म्हणून पुढे गेलो.

बेलापूरच्या कातळांवर सराव करणारी चार तरुण मुले एका रविवारी घरी आली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काका, या रूटची ग्रेड काय?" आमच्या काळी तीनच ग्रेड होत्या, सोपे, अवघड आणि 'आज नको', असे मी सांगितले, तेव्हा ती हसली. आकृत्यांमधली अक्षरे भिंग लावूनही वाचता येत नाहीत, ही त्यांची तक्रार मात्र मला लागली. मोठ्या कागदावर शाईने काढलेल्या त्या आकृत्या पुस्तकाच्या पानावर किती लहान होतील, याचा हिशेब ड्राफ्ट्समन असूनही मी केला नव्हता आणि छापखान्याला दोष देण्याची सोय नव्हती. मग त्यांच्यातल्या मुलीने पान ७४ उघडले. तिथे मी लिहिले होते, "आम्ही ठोकलेले बोल्ट आजही त्या भिंतीवर उभे आहेत."

"काका, हे वाचून उद्या कुणी त्यांच्यावर भरवसा टाकला तर?" तिने विचारले.

ते वाक्य मी अभिमानाने लिहिले होते. एकेक भोक पाडायला हाताने पंच धरून, प्रत्येक ठोक्यानंतर तो थोडा फिरवून, मधून मधून भुकटी फुंकून काढत अर्धा-पाऊण तास जात असे. आपल्याकडचा बेसॉल्ट लवकर दाद देत नाही. त्या भोकांत बसवलेले साधे पोलाद मात्र तेव्हापासून दर वर्षी चार महिने पावसात भिजत आले आहे. गंज भोकाच्या आत चढतो, बाहेरची टोपी शाबूत दिसते, आणि तिच्यात कॅरॅबिनर, म्हणजे दोर ओवायची कडी, अडकवणाऱ्याला आतले काही कळत नाही. आठवण म्हणून लिहिलेले वाक्य कुणी वाटेची माहिती म्हणून वाचू शकेल, ही गोष्ट एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने मला शिकवली.

आता पान ११२. त्यावर १९८७ सालचा मुंब्र्यातला अपघात आहे. माझा जोडीदार पुढे चढत होता आणि मी खालच्या लेजवर, म्हणजे कड्यातल्या अरुंद सपाटीवर बसून, दोर कमरेभोवती घेऊन त्याला बिले देत होतो, म्हणजे तो पडलाच तर दोर धरून त्याला थांबवायचे काम माझे होते. तो पडला, त्याच्या टाचेचा चुरा झाला, आणि त्यानंतर तो कधीच चढला नाही. वानरलिंगीला मी चौदा पाने दिली होती आणि या घटनेला अर्धे पान. त्यातले मुख्य वाक्य असे होते: "दोर थोडा ढिला राहिला आणि तो लेजवर आपटला."

कळव्याच्या एका बाईंचा मुलगा नुकताच चढायला लागला होता. त्यांनी फोन करून विचारले की दोर बांधलेला असताना माणूस आपटतो कसा. मी कागद घेऊन त्यांना समजावून सांगू लागलो. चढणारा लेजपासून २५ फूट वर होता आणि त्याने दोर अडकवलेली शेवटची मेख १५ फुटांवर होती. म्हणजे तो मेखेपर्यंत १० फूट आणि तिच्याखाली आणखी १० फूट, असा २० फूट खाली येणार. दोर थोडा ताणला जाईल, पण तरीही तो लेजच्या वर लोंबकळत थांबायला हवा. इथे मी बोलायचा थांबलो. बाई पलीकडे "हं, मग?" म्हणत होत्या. हे गणित मी रोज करू शकत होतो, आणि इतक्या वर्षांत एकदाही केले नव्हते.

जोडीदार ऐरोलीला राहतो. त्याला प्रत हातात देण्याऐवजी मी कुरिअरने पाठवली होती. यातच काय ते आले. बारा दिवसांनी त्याचा फोन आला. पुस्तक चांगले झाल्याचे त्याने सांगितले, आईवरचे प्रकरण बायकोला वाचून दाखवल्याचेही सांगितले. मग म्हणाला, "एक विचारू? दोर ढिला राहिला, असं लिहिलंयस. तो आपला आपण कसा राहील रे? कुणीतरी ठेवला असेल ना?"

मी त्याला सांगितले. वर सरकण्यासाठी त्याने "स्लॅक!" अशी हाक दिली होती आणि मी चार हात दोर सोडला होता. पुढचा होल्ड हाताला लागेना म्हणून तो पुन्हा आधीच्या जागी आला, तेव्हा तो चार हात दोर मी परत ओढून घ्यायला हवा होता. मी डोंगराखालून जाणाऱ्या लोकलकडे पाहत होतो.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "लेजवर पडलो तेव्हा तुझ्या पायाशी दोराचं वेटोळं दिसलं होतं."

इतकी वर्षे दर दिवाळीला आम्ही एकमेकांकडे जात होतो.

पहिल्या ५०० प्रती सात महिन्यांत संपत आल्या होत्या आणि मी नुसते पुनर्मुद्रण करणार होतो, कारण त्याला जुनाच आयएसबीएन चालतो. मजकुरात मोठे बदल केले की ती नवी आवृत्ती होते, नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्या चार ग्रंथालयांना पुन्हा प्रती पाठवाव्या लागतात. छापखान्याचे मालक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी मला खर्चातून वाचवण्याचा प्रयत्न केला. आमचे पुस्तक १९२ पानांचे, म्हणजे १६ पानी १२ फॉर्मचे, आणि ११२ हे नेमके सातव्या फॉर्मचे शेवटचे पान. "साहेब, इथं एक ओळ वाढली तर पुढचे पाच फॉर्म सरकतील, सगळ्या प्लेट नव्या. तेवढ्याच ओळींत बसवा, बाकीचं शेवटी परिशिष्टात टाकू." बोल्टबद्दलचा इशारा आणि नव्या मापाच्या आकृत्या परिशिष्टात टाकायला माझी हरकत नव्हती. पान ११२ बद्दल जोडीदाराला विचारले, तर तो म्हणाला, "कबुली परिशिष्टात देतात का रे?"

पाच फॉर्म सरकले. अर्ध्या पानाची चार पाने झाली, त्यांत गणित आले, लोकल आली, आणि वाक्य "मी दोर ढिला ठेवला होता" असे झाले. ते लिहायला एक संध्याकाळ लागली आणि प्रूफ तपासायला चार, कारण दर वेळी त्या ओळीशी आलो की मला ती जरा सौम्य करावीशी वाटत असे. डोंबिवलीच्या बाईंना प्रूफ पाठवले. या वेळी त्यांच्या यादीत ९ चुका होत्या आणि शेवटी काही लिहिलेले नव्हते.

दुसरी आवृत्ती ३०० प्रतींचीच काढली. गठ्ठे वर न्यायला या वेळी बेलापूरची मुले आली होती, त्यामुळे मला जिन्यात बसावे लागले नाही. पहिली प्रत घेऊन मी स्वतः ऐरोलीला गेलो. त्याने चष्मा लावला, दुखरा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला, आणि मलपृष्ठ किंवा अर्पणपत्रिका न पाहता थेट ११२ उघडून चारही पाने सावकाश वाचली. वहिनींनी आणलेला चहा तोवर निवला होता.

पुस्तक मिटून तो म्हणाला, "लोकल नव्हती ती. मालगाडी होती."